रस्त्याकडचं पाखं

भांडायला न येणारी सून देवाने वैऱ्यालाही देऊ नये. आमच्या घरात ती पाच वर्षं नांदते आहे. नाव दमयंती. मी दहा वाक्यं बोलावी, त्यातली चार तरी तिच्या माहेराला लागतील अशी बेतून बोलावी, आणि तिने खाली बघून म्हणावं, "बरं आई." झालं. पुढं माणसाने काय बोलायचं? गल्लीतल्या बाकीच्या सुना कशा, एक ऐकतात आणि दोन ऐकवतात, सासूचाही दिवस बरा जातो. ही 'बरं आई' म्हणते आणि जाऊन तिला हवं तेच करते. चौतीस सालच्या दिवाळीपासून पुढच्या वैशाखापर्यंत 'बरं आई' म्हणत म्हणत तिने आमच्या छपराचं काय केलं ते सांगते. माझी शाळा दुसरीपर्यंतच, तेव्हा लिहिण्यात उणंअधिक असेल. सांगण्यात असायचं नाही.

आमचं घर रत्नागिरीत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून. भिंती चिऱ्याच्या. पूर्वी पुढं अंगण होतं, तुळस होती, अबोली होती, दोन केळी होत्या. रस्ता रुंद झाला तेव्हा ते सगळं रस्त्यात गेलं. आता उंबऱ्याबाहेर पाय टाकला की बैलगाडीच्या चाकाखाली. मागे न्हाणीपासून कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत तीन हात पट्टी उरली, तिथे सांडपाणी आणि शेजाऱ्यांची मांजरं.

छप्पर गवताचं होतं, दोन उतारांचं, एक पाखं रस्त्याकडे आणि एक मागे. दर वर्षी पावसाच्या तोंडाला शाकारावं लागे. ते मला चाललं असतं, पण समोरच्या काशीने घरावर मंगळुरी कौलं घातली आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. सकाळी दार उघडलं की समोर तिची लाल कौलं. माझा मुलगा विठू मुंबईला गोदीत आहे. त्याला कळवलं, "कौलं नकोत, कौलं काशीकडे आहेत. पत्रे पाठव." पोराने पाठवले. आगबोटीतून आले, मचव्यातून धक्क्याला उतरले, आणि दोन गाड्या भरून बाजारातून आमच्या दारी आले. मी मुद्दाम गाडीवानाला लांबच्या वाटेने आणायला सांगितलं होतं.

आमचे हे तेव्हा हिंडतेफिरते होते. मी नाव घेत नाही, लोक त्यांना रावजी तांडेल म्हणतात. कालिकतपर्यंत फतेमारी गलबत नेलेला माणूस. पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याच्याखाली माणसं राहायची की भाकऱ्या भाजायच्या?"

मी म्हटलं, "तुमचा जन्म पाण्यावर गेला. जमिनीवरचं मला कळतं."

पुढं ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. खाट पुढच्या खोलीत टाकली, रस्त्याकडे तोंड करून, कारण तिथून बंदरावरचा भोंगा ऐकू येतो. भोंगा ऐकला की कुठली बोट, किती उशिरा, ते सांगतात. तेवढंच राज्य उरलं होतं त्यांना. पण वैशाख आला आणि पत्रा तापला. दुपारी खोलीत नुसतं उभं राहिलं तरी कानशिलं धडधडत. दोनदा ह्यांची शुद्ध हरपली. दुसऱ्या वेळी वैद्य आले, घाम पुसत नाडी बघितली आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "मथुराबाई, या घरात यांचा दुसरा वैशाख निघायचा नाही. चैत्र लागायच्या आत बुरोंडीला हलवा."

बुरोंडी आमचं मूळ गाव. तिथे थोरली जाऊ राही आहे. तिच्याकडे गवताचं छप्पर आहे, माड आहेत, गारवा आहे, आणि तिच्या कमरेला किल्ल्या आहेत. चाळीस वर्षांमागे मी त्या घरातून बाहेर पडले ते 'माझं घर मी करून दाखवीन' असं तिला तोंडावर सांगून. आता नवऱ्याला खाटेवर घालून तिच्या पडवीत जायचं आणि तिने वाढलेली पेज प्यायची. आणि ह्यांना तिथे आगबोटीचा भोंगा मिळणार नव्हता. बुरोंडीचं ऐकून ते तर भिंतीकडे तोंड करून पडले, दोन दिवस.

तेव्हा दमयंती म्हणाली, "आई, पत्र्यावर वेल सोडला तर?"

"वेल? पत्र्यावर? आगबोटीने आणलेल्या पत्र्यावर पाला घालायचा?"

"बरं आई," म्हणाली. मला वाटलं, विषय संपला.

दिवाळीला ती माहेरी गेली. माहेर लांज्याच्या आत, डोंगराच्या कुशीत. परत आली ती टोपलीत शेणाच्या छोट्या छोट्या चकत्या घेऊन. पुरणपोळीएवढ्यासुद्धा नव्हत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक एक चिकटवली. मी विचार केला, माहेरच्या शेणी इथवर वाहून आणल्या, इतकी काय गाय सोन्याची? विचारायला हवं होतं. पण मी विचारत नाही, मी सांगते.

मार्गशीर्षात राही येणार म्हणून निरोप आला, दिराला बघायला. घर चकचकीत हवं. दमयंती विहिरीवर गेली होती. मी कालथ्याने त्या चकत्या खरवडल्या, भिंतीला चुन्याचा हात दिला आणि चकत्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. चांगल्या पेटल्या. राही आली, सुपारी कातरत छपराकडे बघितलं आणि म्हणाली, "आता लवकर चला हो तिकडे. इथे म्हाताऱ्याचं वाळवण होईल." चुन्याच्या भिंतीकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

ती गेल्यावर दमयंती भिंतीपुढे उभी. हात लावून बघत होती, जिथे चकत्या होत्या तिथे.

"आई, त्या चकत्या?"

"जाळल्या. घर आहे का गोठा?"

"त्यात बियाणं होतं," ती म्हणाली. "दुधीचं. माहेरी माझी आवस शेणात थापून ठेवते, म्हणजे कीड लागत नाही. उन्हाळी दुधीचं बी बाजारात मिळत नाही, आई. बाबांची सावली होती ती."

आम्हा दर्यावरच्या माणसांना बांगडा कसा खारवायचा ते कळतं. बी शेणात ठेवतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. तिने आदळआपट केली असती, रडली असती, तर मी दुप्पट ओरडून मोकळी झाले असते. ती कळशी उचलून पाण्याला गेली.

मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी सुक्या बांगड्यांची जुडी बांधली, नवं लुगडं नेसले आणि लांज्याच्या मोटारीत बसले. घरात सांगितलं, देवदर्शनाला जाते. मोटारीत मला उलटी झाली. पुढं दोन कोस पायी. विहीणबाई गोदा खळ्यात भात वारवत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली आलं. विठूच्या लग्नानंतर मी त्या घरी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

पाणी झालं, गूळ झाला. बांगडे बघून तिचा चेहरा खुलला. मग म्हणाली, "बियाणं लागलं नाही काय हो विहीणबाई?"

मी म्हटलं, "उंदरांनी खाल्लं."

"शेणातलं?"

"हो."

गोदा म्हणाली, "आमच्याकडचे उंदीर भात खातात. रत्नागिरीचे शेण खातात?"

मी पुन्हा 'हो' म्हणणारच होते. पण दोन कोस चालून आले होते, ते काय खोटं बोलायला? म्हटलं, "मी जाळलं. शेणी समजून. न्हाणीच्या चुलीत."

मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायचा तिचा हक्क होता. ती म्हणाली, "पाणी तरी तापलं काय?"

आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. मायलेकी दोघी तशाच, माणसाला धड भांडूसुद्धा देत नाहीत.

तिने माळ्यावरून वाळका दुधी काढला, फोडून बी दिलं, वर मायाळूच्या काड्या दिल्या ओल्या फडक्यात गुंडाळून. निघताना म्हणाली, "वेल पत्र्याला टेकू देऊ नका. शेंडा भाजतो. वीतभर वर मांडव करा, मधून वारा खेळला पाहिजे." ते मी ऐकलं आणि मोटारीत विसरले. ते पुढं येईलच.

पौषात दमयंतीने मागच्या तीन हातांच्या पट्टीत खड्डे केले. खड्डे पुरेनात म्हणून रॉकेलच्या डब्यांना भोकं पाडून त्यांत माती भरली. मातीत तर दगडच जास्त, तिथे काय उगवणार? मी म्हटलं, "मासळी धुतलेलं पाणी घाल." हे मात्र माझं डोकं. बाजारातल्या कोळणींकडून मी डोकी, शेपट्या, आतडी मागून आणली आणि पुरली. आठ दिवस गल्लीला वास येत होता. काशी नाकाला पदर लावून दारात आली.

"मथुरा, घरात काय मेलंय गो?"

"अजून नाही," मी म्हटलं. "न मरण्याचीच सोय चाललीय."

मांडवाचं काम ह्यांच्या अखत्यारीत गेलं. ते असं झालं की दमयंती बांबूच्या कामट्या सुंभाने बांधत बसली होती ह्यांच्या खाटेजवळ, आणि हे पडल्या पडल्या गुरगुरले, "ही गाठ? ही गाठ पहिल्या वाऱ्याला सुटेल." डाव्या हाताने सुंभ ओढून घेतला, एक टोक दातात धरलं आणि जहाजावरची गाठ मारून दाखवली. तिने बांधलेल्या सगळ्या गाठी सोडायला लावल्या. पुन्हा बांधल्या, त्यातल्या निम्म्या परत सोडायला लावल्या. "बरं बाबा," म्हणत ती सोडत होती. अंगावरून वारं गेल्यापासून हे खाटेवरून कुणाला हुकूम देत आहेत असं मी पहिल्यांदा बघितलं. मी आत जाऊन चूल फुंकत बसले, उगाच.

दमयंती शिडी लावून, कासोटा घालून छपरावर चढली. गल्ली बघायला जमली. एक म्हणतो, आता वर बकरी बांधा. दुसरा म्हणतो, नांगर घेऊन येऊ काय? काशी तर रोज विचारी, "पत्रे गळायला लागले काय गो, पाला घालतेस तो?" ते मला लागलं. म्हणून मी दमयंतीला बजावलं, "मागचं पाखं तुझं. रस्त्याकडचं पाखं मोकळं ठेवायचं. पत्रे आहेत हे लोकांना दिसलं पाहिजे. आढ्याच्या अलीकडे एक पान आलेलं चालायचं नाही."

तिने ह्यांच्या खाटेकडे बघितलं. खाट रस्त्याकडच्या पाख्याखाली. मग म्हणाली, "बरं आई."

पण या वेळी तिने खरंच ऐकलं. मांडव दोन्ही पाख्यांचा बांधून तयार होता. पुढचा अर्धा तिने न्हाणीमागे उभा करून ठेवला आणि वेल आढ्याशी आला की शेंडा मागे वळवून सोडू लागली. हवं तेव्हा ऐकायचं नाही आणि नको तेव्हा ऐकायचं.

फाल्गुनात दुधीने मागचं पाखं झाकलं. माझं स्वयंपाकघर मागच्या पाख्याखाली. एका दुपारी भात उतरवताना माझ्या ध्यानात आलं की मी पदराने वारा घेत नाहीये. वरून हिरवट उजेड येत होता फटीतून, आणि चुलीपाशी बसूनसुद्धा माझं डोकं दुखत नव्हतं. ताट घेऊन पुढच्या खोलीत गेले. उंबऱ्यातच तोंडावर झळ आली, भट्टीचं दार उघडावं तशी. हे डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडलेले. फडकं वाळलेलं. ओठ वाळलेले.

"मागे कसं आहे गो?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"मग पुढं का नाही?"

मला खोटं सुचलं होतं. वेल पुरला नाही म्हणणार होते. पण तो माणूस चाळीस वर्षं वारा ओळखत आला, त्याला काय सांगायचं? म्हटलं, "काशीला पत्रे दिसावेत म्हणून."

त्यांनी डोक्यावरचं फडकं काढलं. मग त्यांचं तोंड एका बाजूला गेलं. मी घाबरले, वाटलं पुन्हा वारं गेलं. हसत होते ते. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होते.

"काशीला दिसावेत म्हणून मी भाजायचं?"

मी ताट खाली ठेवलं. दमयंती विहिरीवर होती. माणूस पाठवून बोलवायलाही मला धीर नव्हता. शिडी मागच्या भिंतीला लागलेली होती, ती चढले. साठी उलटलेली बाई, लुगडं खोचून, भर दुपारी. आढ्यापाशी पोचले, दमयंतीने मागे वळवलेले पाच शेंडे सोडवले आणि एकेक करून रस्त्याकडच्या पाख्यावर सोडले. काशी दारात येऊन बघत होती. बघू दे म्हटलं. खाली उतरले आणि मनात म्हटलं, झालं एकदाचं.

तासाभरात दमयंती आली, वर बघितलं आणि कळशी तिथेच ठेवून शिडी चढली. उतरली तेव्हा तिच्या हातात पाच शेंडे होते. काळे. कोळपलेले. भर दुपारच्या उघड्या पत्र्यावर मी ते ठेवले होते. गोदाने सांगितलेली वीतभर उंची तेव्हा मला आठवली.

बी जाळलं होतं, आता वेल जाळला. आणि चैत्र आठ दिवसांवर. बुरोंडीचा रस्ता मला डोळ्यांपुढे दिसायला लागला, राहीची पडवी दिसायला लागली, आणि त्याहूनही, ह्यांचं भिंतीकडे वळलेलं तोंड. मी पायरीवर बसले. म्हटलं, "बोल. काय बोलायचं ते बोल एकदा. या वेळी मी उलट बोलणार नाही."

ती माझ्याशेजारी बसली. सासूच्या शेजारी, त्याच पायरीवर. काळा शेंडा बोटांत फिरवत म्हणाली, "आई, शेंडा गेला की बगलेतून फुटवे येतात. एकाचे तीन. फळही त्या फुटव्यांनाच जास्त धरतं. आवस मुद्दाम शेंडे खुडते. ती नखाने खुडते, तुम्ही पत्र्याने खुडलेत."

"खरं सांगतेस की माझी समजूत घालतेस?"

"पुढचा मांडव आज चढवू या काय?" ती म्हणाली. उत्तर दिलंच नाही.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर मांडव चढवला. मी शिडी धरली. हे खाटेवरून ओरडून गाठी विचारत होते, आणि रस्त्यातले चार लोक थांबून ती उत्तरं ऐकत होते. आठव्या दिवशी फुटवे आले. मी रोज सकाळी मोजत होते. तोंडाने कबूल केलं नाही. चैत्र अर्धा होईतो रस्त्याकडच्या पाख्यावर पत्र्याचा दमडीएवढा तुकडा दिसेना. मायाळू कोपऱ्यातून चढून पन्हळीवर आला होता. पहिला दुधी ग्रामदेव भैरीच्या देवळात नेऊन ठेवला. दुसरा काशीकडे दिला. तिने घेतला, जरा घुटमळली, आणि हळूच म्हणाली, "मथुरा, बी ठेवशील काय गो माझ्यासाठी? कौलंसुद्धा तापतात." मी म्हटलं, "शेणात थापून देईन. चुलीत घालू नकोस."

वैशाखात वैद्य आले ते आम्ही बुरोंडीला गेलो की नाही बघायला. बाहेर उभे राहून टोपी मागे सारून वर बघत राहिले. आत आले, नाडी बघितली, मग नाडी सोडून खोलीकडे बघितलं. हे त्यांना म्हणाले, "मघाचा भोंगा ऐकलात? बोट पाऊण तास उशिरा आहे." वैद्यांनी पुडी दिली नाही. जाताना एक दुधी मात्र मागून घेतला.

त्या दिवशी दुपारी मी ह्यांच्या पायाशी बसून भाजी चिरत होते. दमयंती शिडीवरून उतरली, ओच्यात दोन दुधी. मी म्हटलं, "इकडे ये. पुढच्या वर्षाचं आत्ताच ठरवून टाकते. रस्त्याकडच्या पाख्यावर पडवळ लावायचं. लांब लांब लोंबतं, बंदराच्या वळणापासून दिसतं. दुधी मागे."

"नाही आई."

ह्यांनी उशीवरची मान वळवली.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं." तिने दुधी खाली ठेवले आणि पदर खोचला. "पडवळ पावसातलं. उन्हात धरायचं नाही. मांडवाला भोकं पडतील आणि ऊन नेमकं बाबांच्या तोंडावर येईल. लोकांना काय दिसायचं ते दिसू दे. रस्त्याकडे दुधीच लागणार, तुम्ही मला काहीही बोला."

मी विळी बाजूला केली. पाच वर्षं ज्याची वाट बघत होते ते असं भर दुपारी येईल असं वाटलं नव्हतं.

"ऐक दमयंती," मी म्हटलं. "पाच वर्षं तू माझ्याशी वाईट वागलीस. प्रत्येक गोष्टीला बरं म्हणालीस आणि माझी सगळी भांडणं वाया घालवलीस. आज पहिल्यांदा या घरच्या बाईसारखी बोललीस. लाव, दुधीच लाव. पण शिडी मी धरणार, आणि काशी विचारील तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं असं सांगणार तू. आता म्हण 'बरं आई'."